पालथ्या कुकरची शिट्टी

आईच्या घरात वेळ घड्याळावर नव्हे, कुकरच्या शिट्ट्यांवर चालत असे. मुलाची आंघोळ दोन शिट्ट्यांत उरकली पाहिजे, सुनेचा माहेरचा फोन चार शिट्ट्यांच्या पलीकडे जाता कामा नये आणि बटाटे कोणत्याही परिस्थितीत तीन शिट्ट्यांत शिजलेच पाहिजेत. शिवाय या शिट्ट्या ती ओट्यापाशी उभी राहून मोजत नसे. तो नवशिक्यांचा प्रकार. ती बाहेरच्या खोलीत शब्दकोडं सोडवत बसे आणि तिसरी शिट्टी झाली की कोड्यातून डोकं न काढता उठून गॅस बंद करून येई. आपला बटाटा आजवर कधी कच्चा राहिलेला नाही, ही गोष्ट घरी आलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी तिच्याकडून ऐकावी लागे.

घरातले नियमही तिचेच. "चार पायांचं काही या घरात यायचं असेल तर ते टेबल, नाहीतर खुर्ची," हा त्यातला सगळ्यात जुना. मुलाने लहानपणी कुत्र्यासाठी, मग मांजरासाठी आणि शेवटी कासवासाठी शब्द टाकून पाहिला होता. कासवाच्या वेळी आई जरा घुटमळली होती, पण मग तिने पाय मोजले आणि विषय संपला.

हा मुलगा पुढे चष्मेवाला झाला. एका सकाळी दुकानाचं शटर वर करायला वाकला, तर पायरीजवळच्या रिकाम्या खोक्यांमागे काहीतरी हललं. तपकिरी-पांढरं, केसाळ, पुढून आणि मागून सारखंच दिसणारं, आणि थरथर कापणारं. पहिल्या गिऱ्हाइकाने ते सशाचं पिल्लू असल्याचं छातीठोकपणे सांगितलं. दुसऱ्याने तितक्याच खात्रीने घूस ठरवली. दोघांचेही चष्मे दुरुस्तीला आलेले असल्यामुळे चष्मेवाल्याने त्यांचं म्हणणं मनावर घेतलं नाही. दुपारी तो ते ध्यान खोक्यात घालून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला.

"गिनी पिग आहे," बाई त्याला तपासत म्हणाल्या. "हे काही स्वतःहून फिरायला निघत नाहीत. हौस फिटली की लोक असे आणून सोडतात. पुन्हा बाहेर ठेवलात तर एखादं मांजर त्याला सकाळ बघू देणार नाही."

गवत द्या, ढोबळी मिरची द्या, वाऱ्यात ठेवू नका, असं बरंच काही त्यांनी सांगितलं. तरीही न जाणो कुणी शोधत असेल, म्हणून दुकानात एक पाटी लावा, हेही सांगितलं. निघता निघता त्या शिट्टीबद्दल काहीतरी बोलल्या, पण चष्मेवाला तेव्हा खोक्याच्या झाकणाशी झटत होता.

पाटी त्याने लगेच लिहिली. मात्र हातातली सवय जाते कुठे? डोळे तपासायच्या तक्त्यासारखी ती आपोआप उतरली. वर 'सापडला' हे हातभर अक्षरात, खाली 'गिनी पिग' त्याहून लहान, मग रंग, मग ठिकाण, आणि सगळ्यात शेवटी फोन नंबर मुंगीएवढा. काम कसं व्यवस्थित झालं, असं त्याला वाटलं.

घरी बायकोला त्याने आधी विश्वासात घेतलं.

"पिग? अरे, डुक्कर आणलंस घरात?"

"नावात आहे नुसतं. हळू बोल."

खोक्यात डोकावल्यावर ती पाघळली. त्याला त्यांच्या खोलीच्या गॅलरीत, कपडे वाळत घालायच्या स्टँडमागे ठेवायचं ठरलं. तिथे आई येण्याचा प्रश्नच नव्हता, कारण सुनेच्या खोलीत सासूने विनाकारण पाऊल टाकू नये, हाही आईचाच नियम होता. आईचा एक नियम मोडायला आईचाच दुसरा नियम असा उपयोगी पडला.

पहिल्याच संध्याकाळी आईने कुकर चढवला आणि कोडं घेऊन बसली. कुकरची एक शिट्टी झाली. तेवढ्यात सुनेने फ्रिजमधून ढोबळी मिरचीची पिशवी काढली. प्लॅस्टिक चुरचुरलं मात्र, स्वयंपाकघराच्या खिडकीला लागूनच असलेल्या गॅलरीतून लांबलचक, वर चढत जाणारी शिट्टी आली. मागोमाग आणखी एक. आई उठली, तिने गॅस बंद केला आणि परत येऊन आडवा सहा भरला. जेवताना बटाटा दाताखाली करकरला.

"कसा झालाय?" आईने विचारलं.

"छान," मुलगा म्हणाला. अपराधी माणूस कच्च्या बटाट्याला छानच म्हणतो.

दुसऱ्या दिवशी आईने कुकरची रबरी रिंग बदलून आणली. त्या संध्याकाळी घेवड्याच्या शेंगा टणक राहिल्या. सुनेने त्या चावताना डोळे मिटून घेतले. तिसऱ्या दिवशी आईने नवी शिट्टी आणली आणि दुकानदाराकडून ती दोनदा वाजवून घेतली. कोडं मधेच सोडून ती आता दर मिनिटाला कान टवकारत होती.

त्या संध्याकाळी चष्मेवाला घरी आला तो गवताची पिशवी शर्टाखाली दडवून. आई कोडं सोडवत होती. तो चोरपावलांनी खोलीत गेला, पण पिशवी चुरचुरलीच. शिट्टी झाली. आई सवयीने उठली, स्वयंपाकघरात गेली आणि गॅसच्या बटणाकडे तिने हात नेला. गॅस बंदच होता. कुकर धुऊन ओट्यावर पालथा घातलेला होता.

ती मुलाच्या खोलीच्या दाराशी आली. उंबऱ्याच्या अलीकडेच थांबली.

"आत्ता शिट्टी झाली ना रे?"

खरं सांगायची एवढी चांगली वेळ पुन्हा येणार नव्हती. पण खोटं नेहमी आधी तोंडाशी येतं.

"कुठली शिट्टी?" तो म्हणाला.

आई परत आपल्या खुर्चीकडे वळली. कोड्याची उरलेली घरं तिने त्या दिवशी भरली नाहीत.

सकाळी तिने कुकर, त्याची नवी शिट्टी आणि लायटर सुनेसमोर आणून ठेवला. "आजपासून तू बघ," ती म्हणाली. "माझ्या कानांचा भरवसा राहिला नाही. गॅसशी खेळ नको." सुनेचा आणि स्वयंपाकाचा संबंध आजवर फक्त जेवण्यापुरता आला होता. तिने चिकाटीने समजूत घालून पाहिली. तेव्हा आई खालच्या आवाजात म्हणाली, "माझ्या बहिणीचं असंच सुरू झालं होतं. आधी नसलेले आवाज ऐकू यायचे. मग आम्हालाच ओळखेना."

सुनेने बँकेत कामावर पोचताच नवऱ्याला फोन केला. सासूचं बोलणं त्याला जसंच्या तसं सांगितलं आणि म्हणाली, "तुझा पिग राहील आणि आई खचतील. तू बोलतोस की मी बोलू?"

चष्मेवाल्याचं मन दिवसभर कामात लागलं नाही. सांगावं, तर तो केसाळ जीव पुन्हा रस्त्यावर जाणार. न सांगावं, तर आई स्वतःला म्हातारी करून घेणार. एका बाईला त्याने जवळचं भिंग लांबच्या फ्रेमला बसवून दिलं. संध्याकाळी मात्र तो घरी आला, सरळ गॅलरीत गेला आणि खोकं उचलून त्याने आईसमोर, कोड्यावरच आणून ठेवलं.

"आई, हे बघ."

त्याने पिशवीत हात घातला. खोक्यातून खणखणीत शिट्टी झाली.

आई दचकली. खोक्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पुन्हा वाजव."

त्याने पुन्हा पिशवी चुरचुरवली. पुन्हा शिट्टी झाली. सून दारात येऊन उभी राहिली.

"म्हणजे बटाट्याच्या दिवशी एक कुकरची आणि दोन याच्या."

"हो."

"आणि शेंगांच्या दिवशी?"

"दोन कुकरच्या, एक याची."

"म्हणजे माझं मोजणं बरोबर होतं," आई म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिने ते लपवलंही नाही. पदराने डोळे पुसून झाल्यावर मात्र तिला राग आठवला. "मला वेड लागायची पाळी आली, आणि तू कच्चा बटाटा छान म्हणून गिळलास?"

"चुकलं माझं."

"आणि काल तोंडावर विचारलं, तर कुठली शिट्टी म्हणतोस."

त्याने मान खाली घातली. आता नियम येणार, हे त्याला ठाऊक होतं. डॉक्टरीणबाईंकडे जागा मिळेल का, याचा तो मनात हिशोब करू लागला. आईने दोन्ही हातांनी त्या प्राण्याला उचललं, समोर धरलं, एका बाजूने पाहिलं, मग दुसऱ्या बाजूने पाहिलं. तोही मुकाट्याने बघू देत होता.

"याला पाय कुठे आहेत?"

"आहेत ना. आत आहेत, केसांत."

"मला दिसत नाहीत," असं म्हणून आईने त्याला मांडीवर घेतलं. सुनेला मिरची चिरून आणायला सांगितलं आणि स्वतःच्या हाताने भरवली.

त्या दिवसापासून घराला पुन्हा वळण लागलं. कुकर आईकडे परत गेला आणि खोकं बाहेरच्या खोलीत, तिच्या खुर्चीशेजारी आलं. कुकरची कुठली आणि याची कुठली, हे तिला आता झोपेतही सांगता येई, आणि ही गोष्टही घरी येणाऱ्यांना ऐकावी लागू लागली. बटाटे लोण्यासारखे शिजत होते.

पुढच्या आठवड्यात आई दुकानात आली. चष्मा ढिला झाला होता. मुलगा दांडी आवळत असताना तिची नजर भिंतीवरच्या पाटीवर गेली.

"ही पाटी कधीची?"

"सापडला त्याच दिवशीची. अजून एकाचाही फोन नाही."

आई चष्म्याशिवायच पाटीजवळ गेली. वरची ओळ वाचली, खालची वाचली, मग अगदी खाली वाकून बराच वेळ बघत राहिली. तेव्हा कुठे चष्मेवाल्याच्या लक्षात आलं की त्याने नेमकी काय कर्तबगारी केली आहे.

"नंबर फारच बारीक झालाय गं," तो ओशाळून म्हणाला. "मोठा करून लिहितो. तुला दिसतोय का?"

"छे. मला तिथे काहीच दिसत नाही."

"आई, कोड्यातले बारीक आकडे तर तू चष्म्याशिवाय वाचतेस."

"ते वेगळं," आई म्हणाली. तिने हाताने पाटीचा वाकडा झालेला कोपरा सरळ केला. "आणि काही मोठाबिठा करू नकोस. चांगलं अक्षर आहे. राहू दे तसंच."

मग तिने चष्मा लावला, पिशवी सावरली आणि ढोबळी मिरची संपायच्या आत मंडई गाठायची म्हणून लगबगीने पायऱ्या उतरली.