फ्रीझरचं फाटक

रविवारी सकाळी अकरा वाजता नंबरताईच्या ओट्यावर सहा जुड्या पालक, सोळा केळी, दोन किलो बीट, एक पपई आणि बिया काढलेला खजूर एवढा ऐवज पसरला होता, आणि तिला आडवं व्हावंसं वाटत होतं.

आडवं व्हायला मुभा नव्हती. चष्म्याच्या एका दुकानात ती डोळ्यांचे नंबर काढायची, म्हणून तिकडे सगळे तिला नंबरताई म्हणत. दिवसभर समोरच्याच्या डोळ्यांवर काचा बदलत "आता स्पष्ट दिसतं, की आता?" असं विचारायचं, हे तिचं काम. तीन आठवड्यांपूर्वी असंच विचारता विचारता तिच्याच डोळ्यांपुढे काजवे चमकले. ज्याचा नंबर काढत होती त्या गृहस्थाने तिला स्वतःच्या खुर्चीवर बसवलं आणि पाणी पाजलं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन आठ.

"सकाळी काय खाता?" त्यांनी विचारलं.

"वेळ मिळाला तर चहा."

"चहा खात नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि कागदावर पालक, बीट, खजूर असं लिहून दिलं. सकाळी हे सगळं निवडत, चिरत बसायला वेळ कुठला, म्हणून दुकानातल्या एका मुलीने युक्ती सांगितली. सुट्टीच्या दिवशी चिरून एकेका दिवसाची पाकिटं भरायची, फ्रीझरमध्ये टाकायची. सकाळी एक पाकीट मिक्सरमध्ये, वर थोडं दूध, की झाली स्मूदी. पाच मिनिटांचं काम.

ते पाच मिनिटांचं काम सकाळी आठपासून चाललं होतं. पालक तीन पाण्यांतून काढून, पंच्यावर पसरून कोरडा केला. केळ्यांच्या चकत्या झाल्या. बीट उकडून सोलताना हात मनगटापर्यंत लाल झाले. मग तिने तीस पाकिटं भरली, प्रत्येकातली हवा दाबून काढली आणि वर तारीख लिहिली. दीड वाजता शेवटचं पाकीट फ्रीझरमध्ये ठेवून तिने दार लोटलं, तर ते बोटभर उघडंच राहिलं.

त्यांच्या फ्रीजचा फ्रीझर खाली होता, वर नव्हता. तिने पाकिटं काढून पुन्हा रचली. दार बोटभर उघडं. मग ती जमिनीवर बसली, ओट्याच्या कपाटाला पाठ लावली आणि दोन्ही पायांनी दार रेटलं. दार लागलं. त्याच वेळी खालून 'कट्' असा आवाज आला, आणि दार एका बाजूने खचलं.

नवरा बसडेपोत टाइमकीपर होता. पहाटे पाचला जायचा आणि दुपारी दोनला यायचा, पण रविवारी घरी असायचा. तो आला, वाकून पाहिलं आणि म्हणाला, "खालच्या बिजागरीचा स्क्रू तुटलाय."

"दिसतंय मला. आता काय करायचं?"

"मेकॅनिकला फोन करू."

मेकॅनिकने फोन उचलला नाही. तोवर दाराच्या फटीतून गार वाफ बाहेर यायला लागली होती. नवऱ्याने चिकटपट्टी लावली. ओलसर पत्र्यावर ती टिकेना. दोरी बांधली, तीही घसरून खाली आली. शेवटी त्याने जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची आणली, तिची पाठ दाराला टेकवली आणि स्वतः वर बसला. दार घट्ट बसलं. तो उठला की खुर्ची फरशीवरून सरके आणि दार पुन्हा खचे. खुर्चीवर पाण्याचा वीस लिटरचा जार ठेवून पाहिला. जारने दार अर्धवट धरलं. माणसाची सर त्याला नव्हती.

अर्ध्या तासाने नवरा म्हणाला, "माझी कंबर धरली."

"मी बसतो," दारातून आवाज आला.

आप्पा उभे होते. आप्पा म्हणजे नंबरताईचे सासरे. बत्तीस वर्षं ते रेल्वेच्या एका फाटकावर गेटमन होते. निवृत्त झाल्यापासून गॅलरीतल्या आरामखुर्चीत बसून असत. जेवायला आत येत आणि जेवून परत जात. दिवसाकाठी त्यांच्या तोंडून जेमतेम दोन वाक्यं निघत, त्यातलं एक "मीठ दे" असे.

"आप्पा, तुम्हाला होणार आहे का इतका वेळ?" नंबरताईने विचारलं.

"बसायचंच ना? मी तिकडेही बसतोच."

त्यांनी चष्मा आणला, रेडिओ आणला आणि खुर्चीवर ताठ बसले. पाठीमागे दार, पुढ्यात सगळं स्वयंपाकघर. जरा वेळाने त्यांनी एक वही मागितली.

"वही कशाला?"

"नोंद नको?"

सोमवारी सकाळी नंबरताई आंघोळ करून आली तेव्हा सातला पाच कमी होते. आप्पा दाढी करून ड्युटीवर हजर होते.

"आप्पा, जरा उठता का? पाकीट काढायचंय."

"सहा चाळीसला काढायचं ठरलं होतं."

"आंघोळीला उशीर झाला हो."

"मग आता सात दहाला. सारखी उघडझाप केली की आत गारवा राहत नाही. कालच तू म्हणालीस."

ती तसं म्हणाली होती खरी. पण तिची बस सातची होती. तिने चहाचे दोन घोट घेतले आणि निघाली. फ्रीझरमध्ये तीस पाकिटं आणि पोटात कावळे, अशा अवस्थेत तिने त्या दिवशी एकवीस माणसांचे नंबर काढले.

संध्याकाळी तिने वही उघडून पाहिली. अक्षर सुवाच्य होतं. 'सकाळी ७.१०. उघडले नाही. मागणारी गेली. दुपारी २.२०. मुलगा. बर्फ. कारण पटले नाही. परत पाठवला.'

मंगळवारी ती सहा चाळीसला हजर झाली. आप्पा उठले, खुर्ची बाजूला केली आणि हात आडवा धरून म्हणाले, "काढ." पण रात्री ते झोपायला गेले की दाराचा भार जारवरच असे. पाकिटं अर्धवट वितळून गळली होती आणि माणूस बसल्यावर पुन्हा गोठली होती. तीस पाकिटांची एक शिळा झाली होती. नंबरताईने उलथन्याने खणून जो तुकडा काढला, त्यात पाच तारखेचा पालक आणि बारा तारखेची पपई होती. मिक्सरने दोनदा घरघर केली आणि तो गप्प झाला.

"मिनिट झालं," आप्पा म्हणाले. "लावतो."

तिने तो गोळा वाटीत घेतला आणि बसमध्ये चमच्याने खरवडून खाल्ला. शेजारच्या बाईने सरकून बसून घेतलं.

दार सांभाळणं एकवेळ परवडलं असतं. पण आता आप्पांच्या डोळ्यांसमोर चोवीस तास स्वयंपाकघर होतं. "गॅस मोठा आहे." "दूध येतंय वर." "कांदा एवढा जाड का?" नंबरताई दिवसभर लोकांना काय दिसतं हे विचारून थकून यायची, आणि घरी आल्यावर आप्पांना काय काय दिसतं ते ऐकायची. तिच्या नाकी नऊ आले. मेकॅनिकला तिने नऊ फोन केले. गुरुवारी संध्याकाळी तो आला. रात्रपाळी करून आल्यासारखा त्याचा चेहरा होता. त्याने आप्पांना उठवलं, नवा स्क्रू पिळला आणि पाच मिनिटांत दार बसवलं.

"झालं, वहिनी."

"पुन्हा निघणार नाही ना?"

"स्क्रू आहे तो. असा मनाने निघत नाही."

आप्पांनी वही मिटली, रेडिओ उचलला आणि ते गॅलरीत गेले. जेवताना ते म्हणाले, "मीठ दे." त्यापलीकडे काही नाही.

शुक्रवारी सकाळी दार खचलेलं होतं, आणि आप्पा खुर्चीवर बसलेले होते.

शनिवारी मेकॅनिक परत आला. त्याने खाली वाकून बिजागरी पाहिली, मग टॉर्च लावून फ्रीजखाली पाहिलं. स्क्रू नव्हता.

"वहिनी, तुटलेला असता तर अर्धा भोकात राहिला असता. हा अख्खा गेलाय."

"म्हणजे?"

"म्हणजे मला काय माहीत? मी फ्रीज दुरुस्त करतो." त्याने दुसरा स्क्रू लावला, अंगातला जोर लावून पिळला आणि आप्पांकडे एकदा पाहून निघून गेला.

रविवारी सकाळी दार पुन्हा खचलं. नंबरताईने आता काही म्हणायचंच सोडलं. आप्पा बसले. ती मशीनला कपडे लावायला गेली आणि सवयीप्रमाणे खिसे तपासू लागली. आप्पांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या खिशात काहीतरी टोचलं. वहीच्या कागदात नीट गुंडाळलेला एक स्क्रू होता.

ती तशीच ओल्या हातांनी स्वयंपाकघरात आली आणि तळहात आप्पांसमोर धरला. आप्पांनी चष्मा सारखा केला.

"गुरुवारचा आहे," ते म्हणाले.

"आप्पा, तुम्ही काढलात?"

"नेलकटरच्या पात्याने निघतो. सैलच बसवला होता त्याने."

"पण का?"

आप्पा रेडिओचं बटण चाचपत राहिले. "तिकडे गॅलरीत काही येत नाही, जात नाही," ते म्हणाले. "इथे सहा चाळीसला तू येतेस. काल किती जणांचे नंबर वाढले, ते सांगतेस."

तिने ते सांगितलं होतं खरं. त्यांनी बुधवारी विचारलं, म्हणून सांगितलं. गेल्या कित्येक वर्षांत तिला या घरात तसं कुणी विचारलं नव्हतं. रागवायचं म्हणून ती आली होती, पण रागाला लागतं तेवढं बळ हिमोग्लोबिन आठमध्ये नसावं. ती ओट्याला टेकून उभी राहिली.

"आणि कालचा कुठे ठेवलात?"

"कालचा मी नाही काढला."

"आप्पा."

"नाही काढला. काल फार घट्ट बसवला होता त्याने. नेलकटरचं पातं मोडलं." त्यांनी खिशातून मोडकं नेलकटर काढून दाखवलं. "म्हटलं, आता जावं लागणार तिकडे. सकाळी उठून पाहतो तर दार खचलेलं. देवाची करणी समजलो."

घरात तिसरं माणूस एकच होतं. नंबरताई गॅलरीत गेली.

नवरा आप्पांच्या आरामखुर्चीत पसरला होता. पाय कठड्यावर, तोंडावर वर्तमानपत्र, आणि वर्तमानपत्र श्वासाबरोबर वरखाली होत होतं. कठड्याच्या कडेला चहाचा कप होता, कपाशेजारी स्क्रूड्रायव्हर, आणि बशीत स्क्रू.

"अहो."

वर्तमानपत्र थांबलं.

"उठा. मला दिसलंय सगळं."

त्याने वर्तमानपत्र खाली घेतलं. बशीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि उगाच काही नाकारण्याच्या भानगडीत पडला नाही.

"बारा वर्षं झाली आप्पांना या खुर्चीत बसून," तो म्हणाला. "मला या आठवड्यात पहिल्यांदा बसायला मिळालं. इथे वारा येतो, तुला माहितीये?"

"मला कसं माहीत असणार?"

त्याने पाय कठड्यावरून खाली घेतले. ती बशीतला स्क्रू घेऊन आत आली. हातात आता दोन स्क्रू होते, दोन माणसांचे. तिने ते ओट्यावर ठेवले, सुरी आणि विळी समोर ठेवली आणि नवऱ्याला हाक मारली. मग दोघांना एकत्रच सांगितलं. पालक निवडायचं आणि बीट सोलायचं काम दर रविवारी नवऱ्याचं. पाकीट काढून, मिक्सरला लावून, पेला भरून ठेवायचं काम रोज आप्पांचं.

"नाहीतर?" नवऱ्याने विचारलं.

"नाहीतर मी स्क्रू लावते. मला येतो लावता. दिवसभर चष्म्याच्या दांड्यांचेच लावते."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बापलेकांचं इतक्या पटकन एकमत झालेलं तिने कधी पाहिलं नव्हतं. त्या दुपारी नवऱ्याने सुरी चालवली, आप्पांनी बसल्या जागेवरून एकेक पान मंजूर केलं, आणि जुनी शिळा फोडून फेकून नवी पाकिटं भरली. अठराच भरली, म्हणजे दाराला मागून रेटा नको. जार काढून टाकला. आप्पा झोपायला गेले की नंबरताई एक स्क्रू लावायची, आणि पहाटे डेपोला निघताना नवरा तो काढून ठेवायचा. 

सोमवारी ती आंघोळ करून आली तेव्हा ओट्यावर पेला भरून ठेवला होता. गडद लाल, वर थोडा फेस. तिने उभ्याउभ्याच तोंडाला लावला.

"बसून पी," आप्पा म्हणाले. "वेळ आहे."

तिने घड्याळ पाहिलं. सातला वीस कमी होते. वीस मिनिटं. चिरायचं नव्हतं, खणायचं नव्हतं, वाट पाहायची नव्हती. एवढ्या वेळाचं करतात काय, हे तिला आठवेना. ती पेला घेऊन गॅलरीत गेली आणि आरामखुर्चीत टेकली. वारा खरंच येत होता.

महिन्याभराने डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दहा झालं आहे. त्याच दिवशी, दुकानात एका आजींच्या नाकावर काचा चढवत असताना नंबरताईचा फोन वाजला. मेकॅनिक होता. स्वतःहून.

"वहिनी, तुमचा फ्रीज माझ्या डोक्यातून जात नाहीये," तो म्हणाला. "आमच्या लाइनमध्ये असं होत नाही. जाड स्क्रू आणलाय, आतून नट लावून देतो, जन्मात निघणार नाही. आज येऊ का?"

नंबरताईने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज हळू केला.

"नको," ती म्हणाली. "आणि आमच्याकडच्या कुणी बोलावलं, तरी माझ्याशी बोलल्याशिवाय येऊ नका."