निवलेल्या ताटाची कैफियत

अतिथी जो दारी येतो त्यास दंडवत, आणि यजमान जो दारी उभा राहून राहून पायांनी सुजतो त्यास त्याहून मोठा दंडवत. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, माघ मासी विद्येच्या एका राज्यात जे वर्तले ते ऐकिले तैसे लिहितो.

राज्य थोर. कुलगुरू सिंहासनी, कुलसचिव घोसाळकर दिवाणगिरी करीत, आणि नाना विभाग आपापल्या इमारती धरून होते. रसायनवाल्यांस कोणी फिनेल मागत नसे, भूगोलवाल्यांस कोणी रस्ता पुसत नसे. परंतु शाश्वत पर्यटन व आतिथ्य व्यवस्थापन म्हणून एक विभाग होता, त्याच्या नावात आतिथ्य आले आणि तेवढ्याने घात जाहला. परीक्षक येवोत, व्याख्याते येवोत, कोणाचे व्याही येवोत, चहा त्या विभागाने करावा, अतिथिगृहातील चादर त्या विभागाने बदलावी, ऐशी वहिवाट पडली, आणि वहिवाटीस राज्यात कायद्याहून जोर. विभागाच्या मुख्य डॉक्टर नलिनीबाई केळुसकर. बाईंनी तरुणपणी किनाऱ्यावरील गावांत राहून विद्या साधिली होती. प्रश्न ऐसा की, एका गावास पाहुणे सोसतात तरी किती. इतर पंडित विहिरीचे पाणी मोजीत, खोल्या मोजीत, कचरा मोजीत. बाई स्वयंपाकघरात जाऊन बसल्या आणि घरधनिणीचे ताट पाहत राहिल्या, आणि मग सिद्धांत मांडिला की, पाहुण्यांचे करता करता ज्या दिवशी यजमानाचे वाढलेले ताट निवते त्या दिवशी ते घर भरले, मग खोल्या रिकाम्या का असेनात. परमुलखी या सिद्धांताचा बहुत मान जाहला. स्वराज्यी बाई तो घोसाळकरांस सांगू गेल्या, तेव्हा त्यांनी अर्धा ऐकिला आणि म्हणाले, "मॅडम, फारच छान. परवाच्या पाहुण्यांत मधुमेहाचे कोण कोण, तेवढं बघून ठेवा."

बाई सहयोगी प्राध्यापक होत्या, पुढले पद प्राध्यापकाचे. मागे एकदा निवड समिती आली, आणि बाई समितीच्याच नाश्त्यापाशी उभ्या असता आत नावाचा पुकारा जाहला, आणि उमेदवार गैरहजर ऐसा शेरा पडला. उमेदवाराने केलेले पोहे खात उमेदवार गैरहजर लिहिले. यावर काय लिहावे. काही लिहीत नाही.

मग दरबारी मसलत ठरली की, ज्या विभागास प्राध्यापक नाही तो मोडून अतिथिगृहाच्या कारभारात मिळवावा. म्हणजे शिकविणे बंद आणि चादरी कायम. बाईंच्या निवृत्तीस थोडा काळ उरला होता, माघात समिती पुन्हा येणार होती, आणि ही संधी गेली तर विभाग गेला हे सर्वांस ठाऊक होते. बाई दिवाणांकडे गेल्या आणि म्हणाल्या, या खेपेस पाहुण्यांचे दुसऱ्या कोणाकडे द्यावे. घोसाळकर दुखावले. म्हणाले, "अहो, पाहुणे तुमच्याच मुलाखतीचे. दुसऱ्याच्या गळ्यात कसे घालू? बरं दिसतं का ते?"

"मग मुलाखतही दुसऱ्याच कोणाची घ्या," बाई बोलिल्या, आणि घोसाळकर पुष्कळ हसले, कारण त्यांस तो विनोद वाटला.

नेमल्या दिवशी समिती आली. समितीबरोबर समितीच्या बायका आल्या, एक मेहुणे आले, आणि सर्वांस आधी समुद्र पाहणे होता. विभागाचे विद्यार्थी दिवाणांनी एका मंत्र्याच्या स्वारीस वाढप्ये म्हणून परस्पर रवाना केले होते, सबब बाई एकट्या. समुद्र पाहून मंडळी भुकेली परतली, तो संध्याकाळच्या गाडीची वेळ जवळ आली. तेव्हा समितीचे मुख्य आप्पासाहेब रेठरेकर, वृद्ध आणि विद्वान गृहस्थ, म्हणाले की जेवता जेवताच विचारू, बाईंनीही आमच्याबरोबर बसावे. बाईंनी आपले ताट वाढून घेतले आणि समोर बसल्या. आप्पासाहेबांनी सिद्धांत पुसिला. बाई बोलू लागल्या, "गावाची सोसण्याची ताकद म्हणजे नुसत्या खोल्या…" आणि मेहुण्यांनी सोलकढीची वाटी पुढे केली. बाई उठल्या, वाढिले, बसल्या. "नुसत्या खोल्या नव्हेत, तर…" आणि भात. उठल्या. "तर यजमानाचं…" आणि लोणचे. "यज…" आणि

येथे मूळ कागदावर सोलकढीचा डाग पडून काही ओळी गेल्या. गेल्या त्या बऱ्या गेल्या, त्यांतही पापडच होते.

आणि मग घोसाळकर हळूच बोलिले, "मॅडम, आप्पासाहेबांचं पान बघा." बाईंनी आप्पासाहेबांचे पान पाहिले, आणि मग आपले पाहिले. भातावर तूप थिजून पांढरे जाहले होते. बाई उठल्या नाहीत. ताट उचलून त्यांनी आप्पासाहेबांच्या समोर ठेविले.

"सर, माझा सिद्धांत हा. हात लावून बघा, गार आहे. म्हणजे हे घर भरलं. आता इथे मी कोणालाही वाढणार नाही. पुढचा प्रश्न विचारा."

घोसाळकरांचा घास हातीच राहिला. मेहुण्यांनी वाटी मागे घेतली. आप्पासाहेबांनी खरोखरच भातास बोट लाविले आणि म्हणाले, "घोसाळकर, कढी तुम्ही वाढा. मला बाईंशी बोलायचंय." मग दिवाणांनी पातेले उचलिले आणि पहिला डाव मेहुण्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर ओतिला. आणि बाई बोलिल्या, आणि आप्पासाहेब खोदून खोदून पुसत गेले, आणि बाई उत्तर देत गेल्या, आणि कोणी पापड मागितला नाही, आणि गाडी चुकली. मंडळींस मुक्काम पडला. चादरी कोणी घातल्या ते दिवाणांस पुसावे.

बाई प्राध्यापक जाहल्या. विभाग वाचला. तेव्हा तरी राज्यास काही उमगले असेल ऐसे वाचणारास वाटेल. हुकूम निघाला त्याच दिवशी घोसाळकर हर्षभरे विभागात आले आणि म्हणाले, "मॅडम, अभिनंदन. सोमवारी कुलगुरूंच्या हस्ते तुमचा जंगी सत्कार. सगळं राज्य लोटणार. चहा आणि बटाटेवडे नेहमीप्रमाणे तुमच्याकडे."

बाई एवढेच म्हणाल्या, "येते."

सोमवारी बाई आल्या. शाल जाहली, श्रीफळ जाहले. भाषणे होत गेली आणि लांबत गेली, कारण जो तो दाराकडे पाहत होता आणि किटली काही येईना. कुलगुरूंनी दिवाणांकडे पाहिले, दिवाणांनी बाईंकडे पाहिले. बाईंनी शाल नीट घडी करून बाजूस ठेविली, पिशवीतून डबा काढिला आणि भर व्यासपीठावर उघडिला. भात अजून ऊन होता. बाई सावकाश जेवल्या.

तात्पर्य, त्या दिवशी यजमान जेवला. राज्य उपाशी घरी गेले, आणि कोणी मेले नाही. इत्यलम.