डुकरांचा ताप आणि सरांची किटली

ताईंना मुदतवाढीच्या अर्जावर गाईड सरांची एक सही हवी होती, बस्स! डुकरांना ताप आणणाऱ्या विषाणूत एक एन्झाईम असतं. त्याला गप्प बसवणारं औषध शोधण्यात ताईंची पाच वर्षं गेली होती आणि पीएचडीची मुदत आज संपत होती. तीन महिने वाढवून मिळाले नाहीत तर सगळ्या मेहनतीवर पाणी. पण सर ढिम्म हलत नव्हते. "अजून किती ताणशील? तुझी डुकरं म्हातारी झाली!"

आणि आज, सोमवारी सकाळी हे आक्रित! चाचणीच्या प्लेटमध्ये शहाण्णव इवले खळगे, त्यांत एन्झाईम आणि निरनिराळी औषधं. एन्झाईम काम करत असेल तर खळगा पिवळा होतो, औषध लागू पडलं तर नितळ राहतो. आज एकही पिवळा नव्हता.

सरांनी डोकावलं आणि उडालेच. "अगं, सगळीच औषधं लागू! आता कसली मुदतवाढ? आजच प्रबंध देऊन टाक!" ताई तोंड उघडेपर्यंत त्यांनी संचालकांना फोन करून बोलावूनही घेतलं.

"सर, शेवटच्या आठ खळग्यांत औषध नाहीये. एन्झाईमबरोबर नुसतं पाणी आहे."

"मग पाणीही लागू पडलं!"

"सर, पाणी तर डुकरं रोजच पितात."

सर मटकन खुर्चीत बसले. म्हणजे एन्झाईम आधीच मेलेलं होतं. "मारलं कोणी?" ते कडाडले. "बोलवा मामांना!"

लॅबचे शिपाई मामा शांतपणे आले. "शुक्रवारी एन्झाईम ठेवलेल्या फ्रीझरची पिन काढून कुणीतरी किटली लावली होती. काल फेरी मारायला आलो तेव्हा दिसलं. मी फ्रीझर पुन्हा सुरू केला."

"दोन दिवस बंद? आणि बोलला का नाहीत?"

"कसं बोलणार साहेब? किटली तुमची होती."

सगळे फ्रीझरशेजारच्या किटलीकडे बघू लागले. सत्कारात मिळालेली, त्यामुळे तिच्यावर सरांचं नावही ठसठशीत कोरलेलं होतं. ताईंना हसू आवरेना आणि रडूही येईना.

जिन्यावर संचालकांचे बूट वाजले. सरांनी झटकन अर्ज ओढला, 'तीन' खोडून 'सहा' केलं आणि सही ठोकली.

"सर, कारण काय लिहू?"

"विजेचा बिघाड लिही! मामा, संचालकांना आधी चहा द्या, तेवढ्यात त्यांना काय सांगायचं ते मी ठरवतो."

"देतो की," मामा किटली उचलत म्हणाले. "पण पिन कुठली काढू?"