दार राखणाऱ्यावरचं गाणं

आपण गाणं चुकीच्या माणसावर रचलंय, हे निकेसोला पहिलं कडवं सुरू झाल्यावर कळलं.

मेथिम्ना या ग्रीक गावात वरातीच्या गाडीत नवरीच्या दोन्ही बाजूंना दोघे बसतात, एक नवरदेव आणि एक त्याचा जिवलग मित्र. दोघांच्याही डोक्यावर फुलांचं कडं. गाडी थांबली, पोरींनी सूर धरला, आणि निकेसो ज्याला नवरदेव समजत होती तो टकला, गोल माणूस मित्राच्या रिवाजाप्रमाणे दार राखायला बाहेरच थांबला. दुसरा, उंच आणि कुरळ्या केसांचा, नवरीला घेऊन आत गेला.

लग्नाच्या गाण्यात नवरदेवाची चेष्टा करायची तर तो आधी बघायला हवा, म्हणून ती काल झऱ्यावर गेली होती. नवरदेवाच्या अंघोळीच्या पाण्याची उंच सुरई आणि डोक्यावर फुलं, असा माणूस दुसरा कोण असणार? दोन्ही हात सुरईला गुंतले म्हणून या टकल्या मेलान्थोसने नवरदेवाची, म्हणजे आपल्या मित्राची फुलं स्वतःच्या डोक्यावर ठेवली होती, हे तिला कसं कळावं?

लग्नाचं गाणं मध्येच थांबवणं म्हणजे अपशकुन. आणि गाणं फसलं तर निकेसोचं सगळंच संपणार होतं. वडील होते तोवर गावातली सगळी लग्नाची गाणी ते करत. ते गेल्यानंतरचं हे तिचं पहिलंच. यापुढे लोक लिसानियास या दुसऱ्या कवीकडे गेले असते, आणि तो सगळ्यांना एकच गाणं द्यायचा.

"फिलिन्ना," ती कुजबुजली, "टक्कल काढ, कुरळे केस म्हण!"

"आत्ता? अगं, दिवसभर घोकलंय आम्ही!"

"म्हण गं बाई!"

फिलिन्नाने बदललं, बाकीच्या नऊजणींनी नाही.

"चंद्र कुठं उगवला? नवऱ्याच्या कुरळ्या टकलावर!"

गल्लीत हशा पिकला. "पोट आधी घरात येतं, नवरा येतो मागून" या ओळीला तर सगळ्यांच्या माना एकदमच मेलान्थोसकडे वळल्या. तो लालबुंद झाला, पण दार सोडता येईना. आतून नवरदेव ओरडला, "मेल्या, हे तर तुझंच आहे! पुढचं मोठ्यानं म्हणा गं!"

आठही कडवी झाली. गर्दी बाजूला सारत मेलान्थोसची आई पुढे आली.

"कुणी केलंय हे?"

"मी, मावशी. चुकलंच माझं."

"चुकलं काय? अकरा वर्षं सून शोधतेय मी. नवरदेवाचं गाणं अख्ख्या गावासमोर ज्याच्यावर झालं, तो नवरदेव. देवांनीही ऐकलंय. आता नवरी काढा!"

पोरी एकेक पाऊल मागे सरकल्या. निकेसो तिथंच राहिली.

"आई, घाई करू नकोस," मेलान्थोस दारातून म्हणाला. "गाण्यात चूक आहे. मी गाढवासमोर गातो, असं म्हटलंय हिनं. गाढवीण आहे ती. आणि तिला माझं गाणं आवडतं."

माफी मागायचं निकेसो विसरलीच.

"आवडतं? काल झऱ्यावर कान पाडून उभी होती ती. मी पाहिलंय!"

"कान पाडते म्हणजे नीट ऐकते!"

"ऐकते? पाठ फिरवली होती तिनं!"

"तू झाडामागून बघत होतीस, तुला काय दिसणार?"

म्हातारी उंबऱ्यावर टेकली आणि तिनं पाय लांब केले.

"भांडायला लागले," ती समाधानानं म्हणाली. "कुणीतरी मला थोडी द्राक्षाची दारू आणा रे. आमचं जमलं."