उजव्या मनगटावरचं उरुग्वे

वाकोल्यातल्या आमच्या इमारतीतले दळवीकाका दोन्ही हातांत घड्याळ घालतात. डाव्या हातात इथलं आणि उजव्या हातात उरुग्वेचं. हा दक्षिण अमेरिकेतला एक लहान देश आहे आणि आपल्या साडेआठ तास मागे आहे, हे मला शाळेत नाही, काकांच्या दारात कळलं. पाणी आलं का, असं विचारायला त्यांचं दार वाजवलं की ते आधी उजवं मनगट बघायचे. "थंय अजून पहाट असा," म्हणायचे. मग नळ बघायचे.

मी बुलढाणा जिल्ह्यातला. घरात पदवी घेतलेला पहिलाच. मरोळच्या एका कारखान्यात नोकरीसाठी मी लिहिलेला अर्ज काकांनी चार वेळा फाडला. "नोकरी मागतोयस की सहानुभूती? पहिल्या ओळीत काम सांग," म्हणाले. पाचव्या अर्जावर मला बोलावणं आलं. ते ऋण माझ्यावर आहे. त्यामुळे लोक त्यांना हसतात तेव्हा मी हसतो खरा, पण थोडं उशिरा.

काका एका सरकारी खात्यात आवक-जावक कारकून होते. आलेल्या पत्राला आवक क्रमांक द्यायचा, जाणाऱ्याला जावक. क्रमांक नाही ते पत्रच नाही, असं ते मानतात. त्यांच्या खात्याला एकदा वाटलं की उरुग्वेशी व्यापार वाढवावा. त्यासाठी आयोग नेमला गेला. अध्यक्ष एक, सदस्य अकरा, आणि प्रत्यक्ष काम करायला दळवी. मरोळला एक खोली मिळाली, पाटी रंगवून झाली. पहिल्या बैठकीत दुसरी बैठक घ्यायचं ठरलं. दुसऱ्या बैठकीला तिघंच आले.

पण काकांनी पत्रव्यवहार थांबवला नाही. तिकडच्या कचेरीत सिल्वा नावाचे कारकून होते. काकांनी त्यांना कोकमाचा नमुना पाठवला. हे औषध आहे की रंग, अशी सिल्वांनी विचारणा केली. तिकडून लोकरीचा नमुना आला. तो अजून काकांच्या कपाटात आहे. एका थंडीत मला सर्दी झाली म्हणून मी गमतीनं म्हटलं, "काका, त्याची कानटोपी करू या." ते गंभीरपणे म्हणाले, "नमुना आहे तो. सरकारी."

पुढे चार ओळींच्या आदेशानं आयोग बंद झाला. काकाही निवृत्त झाले. तेव्हापासून ते दर महिन्याला खात्याकडे एक प्रस्ताव पाठवायचे. विषय: उरुग्वे व्यापार आयोग पुन्हा स्थापन करणेबाबत. मी आल्यापासून टाइप करायचं काम माझ्याकडे होतं. जिन्यात पाटकरवहिनी विचारायच्या, "काय काका, झाला का आयोग? नाहीतर आपल्या टाकीच्या सफाईचा तरी काढा ना."

"टाकीला उपसमिती पुरे," काका म्हणायचे आणि वर जायचे.

मला वाटायचं, त्यांना पुन्हा खुर्ची हवी आहे. एकटा माणूस, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूल नाही. मग एका रविवारी प्रस्तावाला जोडायला जुनी पत्रं शोधत होतो, तेव्हा फाइलच्या तळाशी सिल्वांचं एक पत्र सापडलं. त्यावर आवक क्रमांक नव्हता. ते आयोग बंद झाल्यावर आलं होतं.

साधं इंग्रजी होतं. हे पत्र व्यापाराविषयी नाही, माफ करा. माझी पत्नी गेल्या महिन्यात वारली. तुम्ही प्रत्येक पत्राच्या शेवटी माझ्या प्रकृतीची चौकशी करता. इथे कुणी करत नाही. हल्ली झोप लागत नाही. पहाटे उठून बसतो आणि तुमच्याकडे किती वाजले असतील ते मोजतो.

"काका, तुम्ही उत्तर दिलंत?"

"कसं देणार? आयोग नाही. जावक नंबर कुठून आणू?"

"स्वतःच्या नावानं लिहायचं ना."

"तेणा आयोगाक धाडल्यान. माका नाय."

"बायको गेल्याचं आयोगाला कोण कळवतं, काका?"

त्यांनी ते पत्र माझ्या हातातून घेतलं. मग म्हणाले, "मी विचारलंच नव्हतं रे. 'आपली प्रकृती उत्तम असेल अशी आशा आहे', ही ओळ पत्राच्या नमुन्यातच छापलेली होती. सगळ्या पत्रांना जायची."

उजव्या हातातलं घड्याळ कधी घेतलं, हे मी तेव्हा विचारलं नाही. विचारायची गरज उरली नव्हती.

त्या दिवशी आम्ही उत्तर लिहिलं. काका सांगत होते, मी टाइप करत होतो. वर क्रमांक घातला नाही. प्रकृतीची ओळ त्यांनी तीनदा बदलायला लावली. शेवटी एवढंच राहिलं: तुम्ही आता झोपता का? खाली 'दळवी' अशी सही केली, हुद्दा लिहिला नाही. सोमवारी आम्ही दोघं सांताक्रूझच्या पोस्टात जाऊन पाकीट टाकून आलो. त्या महिन्यात त्यांनी प्रस्ताव टाइप करायला सांगितला नाही. त्यानंतरही कधी नाही.

पाच महिन्यांनी पाकीट परत आलं. न उघडलेलं. त्यावरचा शिक्का आम्हाला वाचता येत नव्हता, पण सिल्वांच्या नावावर पेनानं रेघ मारली होती.

काकांनी कपाटातून जुनी नोंदवही काढली. पान उलटलं, पट्टीनं रेघा आखल्या. आवक, क्रमांक एक. विषयाच्या रकान्यात थोडा वेळ पेन धरून थांबले, मग लिहिलं: प्रकृतीची चौकशी. पाकीट लोकरीच्या नमुन्याशेजारी ठेवून दिलं.

घड्याळं अजून दोन्ही हातांत आहेत. दार वाजवलं की काका आधी उजवं मनगट बघतात. आता काही बोलत नाहीत. मग आत जाऊन नळ बघतात.