निळ्या दारामागचा आवाज

"हात लावू नकोस. चित्र आहे ते."

खिडकीतल्या मांजराकडे गेलेला बायकोचा हात मागे आला. मांजर भिंतीवर रंगवलेलं होतं. खिडकी आणि तिचा हलतोय असं वाटणारा पडदाही रंगवलेलाच. नवरा इमारती तपासायच्या नोकरीतून नुकताच निवृत्त झाला होता. बोटाने टकटक करून भिंतीत काय आहे ते तो सांगू शकत असे. समुद्रकाठच्या या गावात मात्र त्याची दमछाक चालली होती. चित्रकारांनी एक भिंत मोकळी सोडली नव्हती आणि दुकानदार पाटीवर खरं लिहायला तयार नव्हते. 'टपाल कार्यालय' लिहिलं होतं तिथे जुन्या टोप्या विकत होते. 'दवाखाना' हा बार निघाला.

बायकोला सगळंच पाहायचं होतं. तिने टोप्या घालून पाहिल्या. बाटल्यांचे दिवे करणाऱ्या माणसाला "काच कापताना तडा कसा जात नाही हो?" असं विचारून विचारून तिने त्याचा चहा थंड केला. तोवर नवरा समोरच्या 'दवाखान्यात' लिंबू सरबत पीत बसला. ऊन होतं, ग्लास मोठे होते, आणि तो एकावर थांबला नाही. परिणाम व्हायचा तो झाला.

"अगं, आटप. मला जायचंय."

"कुठे?"

"आता हे भर रस्त्यात ओरडून सांगू?"

"बरं, तुम्ही या जाऊन. हे आता काच कापून दाखवणार आहेत."

"आमच्याकडचं तुंबलंय, काका," बारवाली म्हणाली. "मागच्या गल्लीत निळं दार आहे, तिथे जा."

मागच्या गल्लीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत निळी दारंच होती. प्रत्येकाला पितळी मूठ, मुठीखाली सावली. नवऱ्याने पहिल्या दारावर टकटक केली. वीट. दुसऱ्यावर केली. वीट. पुढे तो टकटक करत जवळजवळ पळतच सुटला. अखेर एका दाराचा आवाज पोकळ आला. मूठ ओढली, दार उघडलं, आणि आयुष्यात कुठल्याही बांधकामाबद्दल वाटलं नव्हतं एवढं प्रेम त्याला त्या खोलीबद्दल वाटलं.

बाहेर पडायला त्याने आतली मूठ फिरवली, तर ती हातातच आली.

"कोण आहे का? दार उघडा!"

गल्लीत पर्यटक जमले. "अय्या, या चित्राला आवाजपण आहे!" कॅमेरावाली मुलगी म्हणाली. मूठ ओढून बघायला मात्र कुणी पुढे होईना. शेजारच्या दाराला कॅमेरावाली एकदा फसली होती. तिचा तळवा अजून निळा होता.

एवढ्यात हातात बाटलीचा दिवा घेऊन बायको आली. तिने दाराला कान लावला.

"अगं ए! ऐकतेस का? मी आहे, मी!"

"किती हुबेहूब!" बायको म्हणाली. "अगदी आमच्या ह्यांच्यासारखा आवाज."

"हुबेहूब काय? मीच आहे!"

"सगळ्यांचे नवरे असंच म्हणतात, काकू," मुलगी म्हणाली.

ते बायकोला पटलं. मग आतून आवाज आला, जरा ओला. "अगं, तू जवळ नसलीस ना, की मला काही सुचत नाही गं!"

गर्दीतून "वा!" आलं. बायकोने मान हलवली. "आवाज ह्यांचाच वाटला होता. पण हे वाक्य ह्यांचं नाही." ती दिवा सांभाळत निघालीसुद्धा.

"आणि हॉटेलच्या खोलीतला पंखा बंद केलास का निघताना? नाही केलास! मी केला! नेहमी मीच करतो!"

बायको गर्रकन वळली. "अगंबाई, हेच आहेत!" तिने मूठ धरून दार ओढलं. हातात मूठ घेऊन नवरा बाहेर आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि कॅमेरावालीने त्याला पुन्हा एकदा आत जायची विनंती केली.

दोघं समुद्रापर्यंत चालत गेली. वाळू लागल्यावर बायकोने हळूच विचारलं, "अहो, ते मघाचं परत म्हणा ना."

"कुठलं? पंख्याचं?"

"त्याच्या आधीचं."

नवरा वाकून चपलेतली वाळू झटकू लागला.

"ते होय?" तो म्हणाला. "ते चित्र होतं."

बायकोने बोटाचं पेर वाकवलं आणि त्याच्या पाठीवर टकटक केली.

"वीट नाहीये," ती म्हणाली.