मनकर्णाबाईंची निळी गाडी

निळा रंग गाडीच्या दुसऱ्या खिडकीपाशी संपला. तात्याबांनी डबा उपडा केला, ब्रशने कडा खरवडल्या, थोडं टर्पेंटाईन ओतून तळ धुतला आणि त्यातून जे निघालं त्यात आणखी वीतभर पत्रा रंगवला. मग मागे सरकून बघितलं. अर्धी बाजू निळी, बाकी सगळी गंजाची, पुट्टीच्या ठिगळांची आणि 'फिरता दवाखाना' या अक्षरांची.

गाडी एका बंद पडलेल्या संस्थेची. आत पलंग, बेसिन, दोन कपाटं. तीस वर्षं एसटी चालवून निवृत्त झालेल्या तात्याबांनी ती लिलावात घेतली, बेसिनशेजारी शेगडी बसवली आणि धारूर गावभर सांगितलं की हे आमचं फिरतं घर. लोकांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून गुडघे दाखवायला येऊ लागले.

"दवाखाना न्हाई, घर हाय!" तात्याबा आतून ओरडायचे.

"बरं, मग डॉक्टर घरी कवा असतेत?"

म्हणून रंग. तोही स्वतःच्या हातानं, पॉलिश पेपरने पत्रा घासण्यापासून. बायकोला दिलेला शब्द दुसऱ्याच्या हातून रंगवून घ्यायचा नाही, असलं काहीतरी त्यांच्या डोक्यात होतं.

शब्द वीस वर्षांपूर्वीचा. शाळेची सहल घेऊन ते कोकणात गेले होते आणि येताना बाटलीभर समुद्र घेऊन आले. मनकर्णाबाईंनी तो ताटात ओतून बराच वेळ बघितला.

"ह्यात बगायसारखं काय हाय?"

"तिथं लई असतो. पुढल्या वर्षी नेतो तुला."

पुढलं वर्ष वीस वेळा आलं. कधी सासूबाईंचं आजारपण, कधी धनश्रीची परीक्षा, मग तिचं लग्न. एका वर्षी तर नुसती म्हैस आडवी आली. मनकर्णाबाई कधी बोलल्या नाहीत. टीव्हीवर समुद्र दिसला की त्यांच्या हातातलं काम मात्र थांबायचं. बायको भांडली असती तर तात्याबांनी उत्तर दिलं असतं. त्या थांबलेल्या हातांना काय उत्तर द्यायचं ते त्यांना कधी सुचलं नाही.

आता धनश्री पाच तारखेला बाळंतपणाला येणार होती.

"सोमवारी निघालो तर आठ दिवसांत माघारी," मनकर्णाबाईंनी हिशोब सांगितला. "न्हाई तर मग बाळ, मग त्याचे दात, मग त्याची बालवाडी. तवर माझे गुडघे ह्या गाडीत चढायचे न्हाईत."

रंगही त्यांनीच निवडला होता. दुकानातल्या कार्डावर एका निळ्यावर बोट ठेवून विचारलं होतं, "असाच असतो का?"

"तंतोतंत," तात्याबा म्हणाले होते.

आज शुक्रवार. दुकानदार म्हणाला, "ह्या नंबरचा निळा आता येत न्हाई. तुमी नेला त्यो शेवटचा डबा व्हता." तात्याबा हात हलवत परत आले, तर दारात शेजारच्या बायनाबाई पांढऱ्या रंगाचा अर्धा डबा घेऊन उभ्या.

"भावजी, हे घ्या. ह्यांनी बैलगाडीसाठी आणलता, तसाच राहिला." बायनाबाईंचे मालक हनुमान दोन वर्षांपूर्वी वारले होते. "एक करा. कोपऱ्यात त्यांचं नाव टाका. त्यांनाबी समुंदर बगायचा व्हता. नुसतं म्हणायचे, अन गेले."

याला नाही कसं म्हणणार? तात्याबांनी गाडीचा एक कोपरा पांढरा केला आणि ब्रशवर उरलेल्या निळ्यानं लिहिलं: 'कै. हनुमान यांच्या स्मरणार्थ'. अक्षर वळणदार होतं. तीच चूक झाली.

आपल्याकडे गावातला बाक, पंखा, पाण्याची टाकी, काहीही नावाशिवाय सुटत नाही. शनिवारी दुपारपर्यंत आळीतून सात डबे आले, सगळे पांढरे, आणि प्रत्येक डब्यामागे काळ्या रंगात लिहायचं एक नाव. कुणाचा बाप, कुणाची आत्या, कुणाचा उमेदीत गेलेला भाऊ. आणि गंमत अशी की त्या सगळ्यांनाच समुद्र बघायचा होता. निदान मागे राहिलेल्यांना तसं आठवत होतं. तात्याबांना ते खोटं वाटलं नाही. निळी बाजू बाकीच्यांशी जुळेना, म्हणून रात्रीच्या आत तीही पांढरी झाली.

शेवटी अर्जुनराव आले. गावचे पुढारी. त्यांच्यासोबत कंपाऊंडच्या रंगातली उरलेली अख्खी बादली.

"आमच्या मातोश्रीचं नाव येऊ द्या. सुंदरबाई. दोन्ही अंगानं, जरा मोठ्या अक्षरात."

"त्यांनाबी समुंदर...?"

"आईला कुठं काय बगायला मिळालं, तात्याबा? रानातून घर, घरातून रान." अर्जुनरावांचे डोळे भरून आले, आणि पुढाऱ्याचे डोळे खरोखर भरलेले बघायची तात्याबांना सवय नव्हती. त्यांनी अक्षर फूटभर काढलं.

मनकर्णाबाई बाहेर आल्या आणि पांढऱ्याशुभ्र गाडीभोवती एक चक्कर मारून थांबल्या.

"हे घर हाय का दुसरं काय? नऊ मेलेली माणसं लिवलीत तुमी!"

"नुसती नावं हायत गं."

"माझा निळा कुठं हाय?"

"हनुमानच्या अक्षरात हाय की."

रविवारी सकाळी आळीतले अभिमन्यू आबा, वय वर्षं ब्याऐंशी, काठी टेकत आले. थेट गाडीत चढले, पलंगावर उताणे झाले आणि छातीवर हात ठेवून डोळे मिटले.

"आबा, काय करायलाव?"

"बगतो. पाय पुरत्यात." आबांनी एक डोळा उघडला. "बेस हाय. चौकातला बोर्ड वाचला. माझ्या वक्ताला हीच आणा."

तात्याबा चौकाकडे पळाले. तिथं बोर्डावर अर्जुनरावांचा हात जोडलेला फोटो, वर मातोश्रींचा फोटो आणि मध्ये हे भलं मोठं: 'वैकुंठरथ लोकार्पण सोहळा, सोमवार सकाळी नऊ'.

"मालक, ते घर हाय माझं!" तात्याबा अर्जुनरावांच्या ओट्यावर धापा टाकत म्हणाले.

"घर?" अर्जुनराव खरंच गोंधळले. "गाडी पांढरी केली, मेलेल्यांची नावं लिवली, आत आडवं पडायची सोय. मी काय समजायचं, बे?"

तात्याबा हातावरचा वाळलेला पांढरा रंग खरवडू लागले. अर्जुनराव पुढं म्हणाले,

"आता पाहुणे येणार, बँड सांगितलाय. आईसाठी मी काय केलंच न्हाई आजवर. एवढं होऊ द्या. मग बगू."

'मग बघू' म्हणजे काय, हे तात्याबांना वीस वर्षांच्या अनुभवानं ठाऊक होतं, कारण ते स्वतःच तसं म्हणत आले होते. घरी येऊन त्यांनी सगळं सांगितलं. मनकर्णाबाईंनी भरलेली पिशवी उचलली, दशम्या आणि ठेचा बाहेर काढला आणि पिशवी माळ्यावर ठेवून दिली. त्यांनी आदळआपट केली असती तर तात्याबांना बरं वाटलं असतं. ते मागच्या अंगणात गेले आणि ब्रश धुता धुता रडले.

सोमवारी बँड वाजला. गाडीला झेंडूच्या माळा चढल्या. मनकर्णाबाई आपली गोधडी तरी काढून घ्यावी म्हणून मागच्या दारानं आत शिरल्या, आणि तेवढ्यात समोर फीत लागली, गर्दी झाली, त्या आतच अडकल्या. अर्जुनराव आईविषयी दोन वाक्यं बोलले आणि तिसरं अर्धवट सोडलं. त्यांनी फीत कापली, नारळ फोडला आणि तात्याबांच्या खांद्यावर हात ठेवला.

"जा, एक चक्कर मारून आणा."

तात्याबांनी गाडी सुरू केली. चौकात डावीकडे वळलं की परत गावात, उजवीकडे केजचा, गावाबाहेर जाणारा रस्ता. तीस वर्षं त्यांनी गाडी सांगितल्या ठिकाणीच वळवली होती.

"अहो, डावीकडं घ्या की," मागून मनकर्णाबाई म्हणाल्या.

गाडी उजवीकडे वळली.

"कुठं चाललाव?"

"चक्कर मारायला. केवढी मारायची ते कुणी सांगितलं न्हाई."

गाव मागे पडलं. मग मनकर्णाबाई गोधडी सावरत पुढच्या सीटवर येऊन बसल्या. "माझी पिशवी माळ्यावर हाय," त्या म्हणाल्या, आणि हसू लपवायला खिडकीबाहेर बघू लागल्या.

असा प्रवास तात्याबांनी उभ्या नोकरीत केला नव्हता. ट्रॅक्टर आपणहून कडेला होत होते. नाक्यावरच्या पोरानं टोपी काढून वाट मोकळी केली. बाया डोक्यावरचा पदर सारखा करून हात जोडत होत्या. मनकर्णाबाई आधी लाजल्या. नंतर त्याही हात जोडू लागल्या.

"मेल्यावर असा मान मिळतो म्हणं," त्या म्हणाल्या. "मी जित्तेपणीच घेतला."

दुसऱ्या दिवशी दुपारी तात्याबांनी गाडी वाळूच्या कडेला उलटी लावली आणि मागचं दार उघडलं. समोर समुद्र होता. मनकर्णाबाई पलंगावर बसून बघत राहिल्या. हात मांडीवर थांबलेले.

"हा कुठं निळा हाय?" त्या म्हणाल्या. "मातकट हाय की. तुमी तर तंतोतंत म्हणलता."

"त्या टायमाला मी गाडीत झोपलतो," तात्याबांनी वीस वर्षांनी कबूल केलं. "पाणी पोरांनी आणून दिलतं."

मनकर्णाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. "म्हणजे तुमीबी आजच बगायलाव?"

"व्हय."

त्या थोड्या सरकल्या आणि पलंगावर त्यांना जागा केली.

तेवढ्यात अर्जुनरावांचा फोन आला. "तात्याबा, कुठं हाव बे? कालपासून लोक विचारायलेत!" तात्याबांनी फोन लाटांकडे धरला. पलीकडे आधी आरडाओरडा होता, मग तो थांबला. आवाज पुन्हा आला तेव्हा तो पुढाऱ्याचा नव्हता. "आईचं नाव पाण्याच्या बाजूला हाय ना?"

"दोन्ही अंगानं हाय, मालक."

जवळच्या टपरीतला चहावाला केव्हाचा घुटमळत होता. त्यानं माळा बघितल्या, चप्पल काढली, हात जोडले आणि हलक्या आवाजात विचारलं, "आजी, ह्यात कोण आहे?"

मनकर्णाबाईंनी पदराने डोळे पुसले.

"नावं वाच की बाबा, लिवल्यात. सगळ्यांना समुंदर दावायला आणलंय. जरा उशीर झाला." आणि मग बोटं मोजून म्हणाल्या, "चहा मात्र दोनच दे."